'काड्यांची बाग' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी बागेतल्या सगळ्यांना बसवून वाचून दाखवला. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही यजमान, सासूबाई आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलात. "गुलाबाची बाग म्हणून गेलो आणि टोकाला निळं फासलेल्या काड्यांची बाग बघून आलो," असं तुम्ही लिहिलंय. तिकिटाचे ₹200 वाया गेले, जी चार-दोन फुलं होती त्यांना वास नव्हता, माळी मुलीवर ओरडला, आणि एका झाडाच्या पट्टीवर 'नाव माहीत नाही' असं लिहिलेलं. सासूबाई गुडघे दुखत असताना केवळ गावठी गुलाब बघायला आल्या होत्या, त्यांनाही तो फुललेला दिसला नाही. म्हणून एक तारा.

आधी तिकिटाचं. चूक आमची आहे. छाटणी सुरू आहे, फुलं दिसणार नाहीत, हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं. यंदा पाऊस लांबला, छाटणी मागे पडली आणि नेमकी सुट्टीत आली. आम्हाला ते दिसत होतं, तरी गेटवर साधी पाटी लावली नाही. ती आता लावली आहे आणि छाटणीच्या दिवसांत तिकीट बंद ठेवलं आहे. तुमचे ₹200 परत करायचे आहेत. तिकीट जपून ठेवलं नसलं तरी चालेल, गेटवर नुसतं सांगा.

छाटणीबद्दल मात्र माफी मागता येणार नाही. तुम्ही नाशिकच्या आहात. एप्रिलात खरड छाटणी झालेली द्राक्षबाग तुम्ही पाहिलीच असेल, नुसते ओलांडे (वेलाचे आडवे हात) आणि काड्या. तिला कुणी मेलेली बाग म्हणत नाही, कारण ऑक्टोबरात गोडी छाटणी होणार आणि पुढे घड लागणार हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. गुलाबाचंही तसंच आहे. पावसाळ्यात तो नुसता वाढतो, पानांवर काळे ठिपके पडतात, आतल्या फांद्या वाळतात. पाऊस थांबला की जुनं, वाळकं, आतल्या बाजूला वळलेलं सगळं काढायचं. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, बाहेरच्या अंगाच्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) थोडं वर, तिरका काप घ्यायचा, म्हणजे नवी फूट बाहेरच्या बाजूला जाते आणि झाडाच्या पोटात हवा खेळते. तो ओला काप उघडा राहिला तर बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. तुम्हाला जे निळं दिसलं ती बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना. द्राक्षवाल्यांच्या घरात ती असतेच. छाटणीपासून साधारण 45 ते 50 दिवसांनी फूल येतं. ऑक्टोबरात झाड छाटायला जीव धजावला नाही, तर डिसेंबरात फुलं किरकोळ येतात आणि झाड हळूहळू खंगत जातं. आमच्याकडे काही जातींचं एकेकच झाड आहे. ते गेलं तर दुसरं आणायचं कुठून?

वासाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्या दिवशी जे फुललेलं होतं ते शेडमधलं, दिंडोरीकडे पॉलिहाऊसमध्ये लावतात तसलं. लांब दांडी, टणक कळी आणि पाण्यात बरेच दिवस टिकणं यासाठीच त्या जाती निवडत गेले, आणि त्यात सुगंधाकडे कुणी पाहिलं नाही. 2015 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी सुवासिक 'पापा मेयाँ' आणि वास नसलेला 'रूज मेयाँ' हे गुलाब शेजारी ठेवून तपासले, तेव्हा पाकळ्यांत सुगंध घडवणारं एक विकर (एन्झाइम) सापडलं. वास नसलेल्या फुलात ते जवळपास गप्प असतं. 'पापा मेयाँ' आमच्याकडे आहे. सकाळी ऊन चढायच्या आत त्याच्याजवळ उभं राहून बघा. दुपारी दीडला कुठल्याच गुलाबाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

आता माळीकाकांचं. ते ओरडले, हे त्यांनी स्वतः कबूल केलं. लहान मुलीवर आवाज चढवायचा नव्हता, त्याची माफी मी मागतो आणि तेही मागतात. पण का ओरडले ते सांगू द्या. तिने दोन वाफ्यांतल्या पट्ट्या वाचायला म्हणून उपटल्या होत्या. छाटलेल्या झाडाला ना फूल, ना पान. लाल, पांढरा, पिवळा, सगळे सारखेच दिसतात. त्या दिवसांत ती ॲल्युमिनियमची पट्टी हीच झाडाची ओळख असते. ती शेजारच्या वाफ्यात खोचली गेली तर चुकीचं नाव चिकटतं, त्याच झाडाचे डोळे काढून पुढे कलमं भरली जातात आणि चूक दहा घरी पोचते. मुळात गुलाबाची नावं सांभाळणं अवघड. तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल तो गुलाबी कडेचा पिवळा 'पीस' फ्रान्समध्ये 'मादाम ए. मेयाँ', जर्मनीत 'ग्लोरिया देई' आणि इटलीत 'जोइया' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत 1945 साली, युद्ध संपत असताना, त्याला 'पीस' म्हणू लागले. फूल एक, नावं चार.

आमच्या पहिल्या ओळीत 1867 सालचा 'ला फ्रान्स' आहे. आधुनिक गुलाब तिथून मोजतात. त्याच ओळीत पुढे डॉ. बी. पी. पाल यांचे 'दिल्ली प्रिन्सेस' आणि 'डॉ. होमी भाभा' आहेत. पाल हे गव्हावर काम करणारे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि सवड काढून आपल्या उन्हाला सोसतील असे गुलाब तयार करत. पट्टी हरवली तर ही सगळी ओळ म्हणजे नुसती काटेरी झुडपं.

तुमच्या मुलीने उपटलेल्या दोन्ही पट्ट्या वहीतला नकाशा बघून आम्ही जागेवर लावल्या आहेत. नुकसान झालेलं नाही, तिला सांगा.

आणि ती 'नाव माहीत नाही'वाली पट्टी. तुम्हाला तो हलगर्जीपणा वाटला. उलट, बागेतली सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेली पट्टी तीच आहे. ते झाड जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या परसातलं. वाडा पाडायचा ठरला तेव्हा मालकिणीने निरोप धाडला, आणि आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून सात काड्या आणल्या. दोन जगल्या. फिकट हिरवी खरखरीत पानं, बारीक दाट काटे. वर्षातून एकदाच, फाल्गुनाच्या आसपास फुलतो. फूल गुलाबी, पाकळ्या एकीत एक दुमडलेल्या, दुपारपर्यंत गळायला लागतात, पण चुरगळलेल्या पाकळीचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो. मालकिणीची सासू त्याचाच गुलकंद घालायची. अत्तराच्या चैती गुलाबासारखा तो दिसतो. पण दिसतो म्हणून तोच आहे असं लिहिणं मला पटत नाही. बर्म्युडा बेटावर अशीच जुनी निनावी झाडं सापडली, तेव्हा तिथल्या गुलाबप्रेमींनी ती 'गूढ गुलाब' म्हणून वेगळी नोंदवली आणि जिथे मिळाली त्या जागेची नावं दिली. आम्ही म्हणूनच खाली बारीक अक्षरात 'वाड्यातला, जुने नाशिक' लिहिलं आहे. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद, म्हणजे बागांचं गाव, म्हणत. त्या नावाच्या गावातला जुना गुलाब आमच्याकडे हा एवढाच आहे, आणि त्याच्यावर खोटं नाव नको.

तो फांदीच्या जुन्या लाकडावर फुलतो, म्हणून ऑक्टोबरात त्याला हात लावत नाही. सगळ्या बागेत न छाटलेलं ते एकच झुडूप होतं, कोपऱ्यातलं, हौदाशेजारचं. सासूबाई त्याच्यापाशी बराच वेळ थांबल्या होत्या, असं माळीकाका सांगतात. "आमच्या पंचवटीच्या घरी असाच होता," असं त्या म्हणाल्याचं तुम्हीही लिहिलंय.

डिसेंबरात तुम्ही सगळे या, सकाळी नऊच्या आत. तिकीट नको. पण सासूबाईंना फाल्गुनातही एकदा आणाच. गेटपासून हौदापर्यंत आम्ही चाकांची खुर्ची ठेवू, चालावं लागणार नाही. फूल हातात घेऊन वास घेतला आणि तोच गुलाब निघाला, तर त्यांच्या घरी त्याला काय म्हणायचे ते आम्हाला हवं आहे. पट्टीवर तेवढी जागा रिकामी ठेवली आहे.