ईसीएम बदलायला निघालेल्या पिकअपवाल्यांनो, आधी हे वाचा

देवगड, मालवणपासून हर्णैपर्यंत गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की चेक लाईट लागून पिकअप बंद पडली आणि स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र, कनेक्ट होत नसेल तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटरचा डबा, गेला समजा. शोरूमला जाऊ नका, लुटतात. भंगारातून त्याच मॉडेलचा जुना डबा आणा, कपलर (वायरींचा जोड) लावा, बॅटरी अर्धा तास काढून ठेवा, गाडी पहिल्यासारखी. कोडिंग (डब्यात आपल्या गाडीची माहिती भरणं) वगैरे थोतांड आहे, आणि डब्यात पाणी गेलं असेल तर तांदळात ठेवा. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल, पण हे वाचून लोक चांगला डबा काढून फेकतायत आणि भर आंब्याच्या सीझनला गाड्या दारात उभ्या राहतायत. मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, स्कॅनर कनेक्ट होत नाही म्हणजे ईसीएम गेला. अहो, ईसीएमला करंटच पोचत नसेल तर तो स्कॅनरशी बोलणार कसा? आधी फ्यूज, मग मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच), मग अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी, चॅसीला बोल्टने आवळलेली वायर). आपल्या किनाऱ्यावर तर अर्थिंगच सगळ्यात आधी बघायला हवं, कारण मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली चॅसीवर गळतं, वरून खारा वारा आहेच, आणि बोल्टखाली वायरची थिंबळ (टोकाची धातूची कडी) हिरवी पडते. बाहेरून बघितलं तर बोल्ट घट्ट दिसतो. साध्या मीटरने कळतं, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर ईसीएमच्या अर्थच्या पिनला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कच्ची आहे, बोल्ट सोडून थिंबळ आणि चॅसी दोन्ही चकाकेपर्यंत घासा आणि परत आवळा. डब्याला हात लावायची वेळ अजून आलेलीच नाही. ज्या गाडीत कॅन लाईन (गाडीतले कंप्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) आहे तिथे बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर लाईन धड आहे, १२० आले तर एक बाजू कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, बऱ्याच गाड्या उभ्याच असतात, तेव्हा उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघून घ्या.

अजून एक गोष्ट आहे जी बिचाऱ्या ईसीएमच्या माथी मारली जाते. बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि ते ५ व्होल्ट ईसीएमच देतो. एखादा सेन्सर किंवा त्याची वायर आतून शॉर्ट झाली की ती सगळी लाईन खाली बसते, स्कॅनरवर एकदम चारपाच बिघाडाचे कोड येतात, आणि बघणारा म्हणतो डबा गेला. इग्निशन चालू ठेवून मीटर त्या ५ व्होल्टच्या वायरीवर ठेवा आणि सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर नाहीतर त्याची वायर चोर. हे काम करायला मेस्त्रीला फार वेळ लागत नाही, फक्त करायची इच्छा पाहिजे.

आता "त्याच मॉडेलचा डबा लावा, गाडी चालू" याबद्दल. कधीकधी चालू होतेही, त्यामुळेच हा मेसेज लोकांना खरा वाटतो. पण डब्यावरच्या स्टिकरवर हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर वेगवेगळे असतात, दिसायला सारखा डबा दुसऱ्या इंजिनाचा डेटा घेऊन बसलेला असू शकतो. इमोबिलायझर (चोरी टाळायला चावी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत परक्या डब्याला तुमची चावी ओळखू येत नाही, सेल्फ मारला तरी इंजिन पकडत नाही किंवा पकडून लगेच बंद पडतं.

आणि कोडिंगला थोतांड म्हणणाऱ्यांनी कॉमन रेल डिझेलच्या (एकाच जादा दाबाच्या पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या इंजिनाच्या) इंजेक्टरचं, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नळीचं, डोकं एकदा पुसून बघावं. तिथे आकडे-अक्षरांचा बारीक कोड असतो. कारखान्यातून निघालेला प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल सोडतो, तो फरक त्या कोडमध्ये लिहिलेला असतो आणि ईसीएम त्याप्रमाणे प्रत्येकाची वेळ जुळवून घेतो. जुन्या डब्यात दुसऱ्याच गाडीच्या इंजेक्टरचे कोड भरलेले असतात, मग इंजिन थरथरतं, धूर काढतं, ठोकतं, आणि मालक म्हणतो इंजेक्टर गेले, परत नवा खर्च. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या कडक नियमाच्या) गाड्यांत जिथे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे तिथे फिल्टर किती भरलाय याचा हिशोबही ईसीएमकडेच असतो. तो नवीन डब्यात नाही उतरवला तर भरलेला फिल्टर त्याला रिकामा वाटतो आणि माल भरून आंबा घाट चढताना गाडी ओढत नाही. यात थोतांड काय आहे सांगा मला!

बॅटरी काढून ठेवायचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने बिघाडाचे कोड पुसले जात नाहीत, आणि जिथे पुसले जातात तिथे बिघाडाच्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं ही नोंदही जाते, जी शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगाची. आधी स्कॅन करा, फोटो काढा, मग काय ते.

तांदूळ ओल ओढेल, मीठ कसा ओढणार? खारं पाणी सुकलं तरी मीठ बोर्डवर राहतं, हवेतली ओल खेचतं आणि तांब्याच्या रेषा खात राहतं. शिवाय डबा सीलबंद असतो, त्याला बाहेरून तांदूळ लावून आत काय होणार. पाणी शिरतं कसं ते लोकांना माहीत नसतं. बंदरावरून आल्या आल्या तापल्या इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं की डबा एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि सील जरा जरी कच्चं असेल तर पाणी आत ओढलं जातं. दुसरी वाट त्याहून लपलेली, कुठल्यातरी सेन्सरचा कपलर फुटलेला असतो, तिथून पाणी वायरीच्या आतल्या तारांमधून सरकत सरकत ईसीएमच्या पिनांपर्यंत येतं. म्हणून कपलर काढून पिना बघा, आणि वायरीचं इन्सुलेशन थोडं सोलून आतली तार काळी पडलीय का तेही बघा. काळी असेल तर तो तुकडाच बदला, नाहीतर नवीन डब्याचं पण तेच होणार.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे, नवीन ईसीएम महाग आहे आणि पिकअपवर घर चालवणाऱ्या माणसाला तो खर्च झेपत नाही. आणि ईसीएम खरंच जातो, नाही असं नाही. पण तेव्हा विचारायचा प्रश्न हा की तो कशाने गेला. एखाद्या सोलेनॉइडची (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हची) कॉईल शॉर्ट होऊन डब्यातलं तिला करंट देणारं ड्रायव्हर सर्किट जळलं असेल आणि ती कॉईल तशीच ठेवून नवीन डबा लावलात तर तोही जळेल. चॅसीला वेल्डिंग करताना बॅटरी न काढल्यामुळेही डबे जातात, हौदा दुरुस्त करून आणल्यावर गाडी बंद पडली असेल तर तिथपासून सुरुवात करा.

जुना डबा घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण हार्डवेअर नंबर तंतोतंत जुळवून, आणि अशा माणसाकडे जा जो तुमच्या मूळ डब्यातला सगळा डेटा वाचून त्या डब्यात उतरवून देईल. मग चावी, इंजेक्टर, फिल्टर सगळं जागेवर येतं. डबा बदलताना इग्निशन बंद करून थोडं थांबा, कारण किल्ली काढल्यावरही ईसीएम काही वेळ जागा असतो, मग बॅटरी काढा आणि त्यानंतरच कपलर. आणि मूळ डबा मेला म्हणून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका, नवीन डब्यावर गाडी माल भरून घाट चढून येईपर्यंत तो घरात ठेवा, कारण तुमच्या गाडीचा मूळ डेटा त्यातच आहे.