मेनू मीच शोधायचा, ऑर्डर मीच टाकायची, मग सर्व्हिस चार्ज कसला?

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. हॉटेलात जेवायला गेलं की बसल्या बसल्या आधी फोन बाहेर काढायचा, हे नक्की कोणी ठरवलं? टेबलावर तो अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर क्यूआर कोड, कोडावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या ग्रेव्हीचा वाळलेला डाग, आणि तो डाग आपण नखाने खरवडायचा कारण त्याशिवाय कॅमेरा कोड पकडतच नाही. त्यात हॉटेल तळघरात, रेंजचा पत्ता नाही. वायफायचं विचारलं तर 'काउंटरवर विचारा मॅडम'. कसंबसं पेज उघडलं तर आधी नाव, मग मोबाईल नंबर, मग ओटीपी, मग जन्मतारीख. अरे दाल खिचडी खायला आलेय मी, लोन काढायला नाही!

माझ्या आईबाबांकडे साधे बटणांचे फोन आहेत. म्हणजे चौघांचा मेनू एका फोनवर, आणि तो मी मोठ्याने वाचायचा. बरं, मेनू म्हणजे काय तर छापील कार्डाचा फोटो काढून केलेली पीडीएफ. दोन बोटांनी मोठी केली की पदार्थाचं नाव दिसतं आणि किंमत स्क्रीनच्या बाहेर पळते, किंमत दिसली की नाव गायब. आई म्हणते, अगं काय काय आहे ते तरी सांग. काय सांगू, अजून सुपंच संपत नाहीयेत! शेवटी 'तू काय मागवशील ते खाऊ' म्हणून तिने सोडून दिलं. बाहेर जेवायला जायचं, काय खाऊ काय नको असं करत कार्ड चाळायचं, यातच तिची अर्धी मजा असते, ती गेली ना. छापील कार्ड मागितलं तर पोरगा माझ्याकडे असा बघतो की मी ताम्रपट मागितला. 2020 मध्ये कोरोना होता, कुणी वापरलेल्या कार्डाला हात लावायची भीती वाटायची, तेव्हा ठीक होतं. आता काय? खुर्ची तीच, चमचा तोच, पाण्याचा जग तोच, फक्त कार्डालाच रोग लागतो का? हा क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये काढला तो गाड्यांच्या पार्टचा हिशोब ठेवायला. आता आम्ही पार्ट झालोय.

आणि एवढं सगळं आपणच केल्यावर बिल येतं आणि त्यात गुपचूप 'एस. सी. 10%', म्हणजे सर्व्हिस चार्ज. पूर्ण शब्द लिहायचीही लाज वाटते यांना. कसली सर्व्हिस हो? मेनू मी वाचला, ऑर्डर मी टाइप केली, 'कमी तिखट' मी लिहिलं (तरी जाळ आलाच), पाणी मी उठून मागितलं. अजूनही बऱ्याच जणांना हा सरकारी टॅक्स वाटतो. नाहीये! जीएसटी वेगळा, साध्या रेस्टॉरंटला 5%. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याचा स्वतःचा, आणि वर त्याच्यावरही जीएसटी लागतो. 2000 चं जेवण, 200 सर्व्हिस चार्ज, मग 2200 वर 5% म्हणजे 110, झाले 2310. म्हणजे न झालेल्या सर्व्हिसचे 210 रुपये गेले.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला स्पष्ट सांगितलंय की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावानेही लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टाने 28 मार्च 2025 ला त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाखाचा दंड ठोकला. त्या पुन्हा अपिलात. आणि इथे टेबलावर आपण भांडायचं. काढा म्हटलं की मॅनेजर येतो, आवाज एकदम मऊ, 'मॅडम, पोरांनाच जातो तो.' अहो मग पगार कोण देतं पोरांना, मी? टीप द्यायला माझी ना नाही, हातात देईन, आनंदाने देईन, पण ते मी ठरवणार.

मग मॅनेजरचं ठरलेलं उत्तर, 'जगात सगळीकडे असंच असतं.' असतं ना! अमेरिकेत वेटरचा केंद्रीय किमान पगार तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेवढाच, बाकीचं टीपमधून निघायचं, म्हणून तिथे 18, 20, 25% ची बटणं तोंडासमोर येतात आणि तिथले लोकही त्याला वैतागलेत. जपानमध्ये टीप ठेवायची पद्धतच नाही. फ्रान्समध्ये नळाचं पाणी जेवणासोबत फुकट मिळतं, कायदाच आहे. आम्ही यातलं काय उचललं? चार्ज अमेरिकेचा, कोड जपानचा, आणि फ्रान्सचं फुकट पाणी मात्र नेमकं विसरलो. इथे बसायच्या आत बाटलीचं सील फोडून मोकळे. 'रेग्युलर' म्हटलं की पोरगा ऐकूच येत नसल्यासारखा उभा.

आणि सर्व्हिस काय असते ते आम्ही बघितलंय हो. उडप्याकडचा वेटर एका दमात सगळा मेनू म्हणून दाखवायचा आणि शेवटी हळूच सांगायचा, उपमा नको घेऊ, सकाळचा आहे. कोल्हापुरात खानावळीत आजही ताटातली वाटी रिकामी दिसली की माणूस पांढऱ्या रश्श्याचं भांडं घेऊन हजर, नको म्हणेपर्यंत वाढतो. त्याच्या बिलात एस. सी. नसतं.

त्या ओटीपीच्या नंबरवर आता रोज मेसेज येतायत. 'तुमचा अनुभव कसा होता?' मी खरा लिहिला, तर 'सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स' आणि सोबत डेझर्टचं कूपन, वापरायचं तर पुन्हा तोच कोड स्कॅन करा!

बिलातून चार्ज काढत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, करा. मी तर हल्ली दारातच विचारते, छापील मेनू आहे का आणि सर्व्हिस चार्ज लावता का. नवरा लाजतो, दोन पावलं मागे जाऊन उभा राहतो. राहू दे.