‘गिटहबवर टाकलं म्हणजे सगळ्यांचंच की!’ छे!

गिटहब म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायची वेबसाइट. तिच्याबद्दल बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: “कोड गिटहबवर पब्लिक केला की झाला ओपन सोर्स. लायसन्स ही वकिलांची भानगड. घालायचंच तर एमआयटी घाला. जीपीएल घातलं की पैसे घेता येत नाहीत.” (ओपन सोर्स म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येईल असा कोड. एमआयटी, जीपीएल ही त्यासाठीची तयार लायसन्सं, म्हणजे परवानगीच्या लेखी अटी.)

पहिलं वाक्य सगळ्यात घातक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅमही साहित्यकृतीतच मोडतो आणि हक्कासाठी नोंदणी लागत नाही. लायसन्स नसलेला कोड म्हणजे कुलूपबंद कोड. खानापूरकडं बिनकुंपणाची शेतं दिसतात, म्हणून कुणी तिथं नांगर घालतो का? उतारा कुणाच्या तरी नावावर असतोच की. गिटहबच्या अटींनी पब्लिक कोड इतरांना तिथं बघता येतो, फोर्क करता येतो, म्हणजे तिथंच आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते. तो स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये घालून वाटायची मुभा त्यातून मिळत नाही.

हे मी भोगलंय. वाचनालयाची यादी मराठी-कन्नड दोन्ही लिप्यांत शोधता यावी असा प्रोग्रॅम करत होतो. देवनागरी नावं कन्नड लिपीत नेणारा सुरेख कोड सापडला, पण लायसन्स नाही. तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी पंधरा दिवस खपून मीच नव्यानं लिहिला. त्या माणसाला तो बहुतेक वाटायचाच होता!

जीपीएल पैशांच्या आड येत नाही. अट एवढीच, की ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्स, म्हणजे मूळ कोडही द्या आणि त्याच अटींवर पुढं वाटायची मोकळीक द्या. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीला स्टॉकचा प्रोग्रॅम खुशाल विका. सोर्स त्या फाउंड्रीला, अख्ख्या गावाला नव्हे. मालकानं तो शेजारच्या कारखान्याला फुकट दिला तर मात्र अडवता येत नाही. हा तोटा खरा, कबूल.

एमआयटी वाईट नाही. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ठेवला की झालं. पण कुणी तुमचा कोड घेऊन बंद प्रोग्रॅम विकला तर तक्रार करायची नाही. पेटंटची धास्ती असेल तर अपाची २.० हे लायसन्स बघा, त्यात पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे.

वाचनालयाच्या प्रोग्रॅमला मी जीपीएल ३ घातलं, तेही दुसऱ्या कुणाचा कोड यायच्या आधी. आता त्यात चौघांचा हात लागलाय. उद्या एमआयटीवर यायचं म्हटलं तर त्या चौघांना विचारावं लागेल, आणि त्यातला एक मेल उघडतच नाही.