दोन थाऊ

ह्यूस्टनच्या आमच्या घरात गाडी उन्हात उभी असते आणि गॅरेजमध्ये मी. ऐन जूनमध्ये घामाच्या धारा पुसत पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या एकेक करून प्रेसमध्ये दाबत असतो. पिंपरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी करताना याच कामाचे पैसे मिळायचे. आता मीच पैसे भरतो, म्हणून त्याला छंद म्हणायचं.

छंद एवढाच, की शंभर यार्डांवरच्या कागदाला .३०८ विंचेस्टर रायफलनं पाच भोकं पाडायची आणि ती पाचही एका इंचात बसवायची. माझ्या रायफलमधून दुकानातली काडतुसं दीड इंचात बसतात. उरलेल्या अर्ध्या इंचापायी उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मापात आणून मीच पुन्हा भरतो, आणि त्यात गॅरेज गेलं.

बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, मग किंचित आक्रसते. तेवढ्यावरच ती बाहेर निघते. पण मूळ मापाला काही येत नाही. दिवाळीच्या फराळानंतर आपण तरी कुठे येतो! मग तिला डायमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या साच्यात, घालून आवळायची. खांदा, म्हणजे पुंगळीचं अंग निमुळतं होऊन गोळी धरणाऱ्या मानेला मिळतं तो उतार, मागे सरकवायचा तो फक्त दोन थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा दोन थाऊ म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी (माझ्या बाबतीत आता आठवणीतल्या केसाच्या). खांदा कमी सरकला तर चेंबर बंद करणारा बोल्ट लावताना रायफल कुरकुरते. जास्त सरकला तर दर बाराला पुंगळी ताणली जाते, बुडाच्या जरा वर आतून पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. नुसती मान आवळावी की सगळं अंग, यावर रेंजवरचे म्हातारे तावातावानं भांडतात. मी सगळं अंग आवळणाऱ्यांच्या पंथातला.

त्यात पितळ लहरी. डाय तीच, हात तोच, तरी एक पुंगळी दोन थाऊ मागे येते, दुसरी चार, तिसरी जागची हलत नाही. दर वेळी फुगून-आवळून पितळ कडक होतं आणि स्प्रिंगसारखं उलट फिरतं. हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. लहानपण कसब्यात गेलं; तांबट आळीत मठाराचे ठोके खाऊन कडक झालेलं भांडं मधूनच भट्टीत तापवून मऊ करताना कितीदा पाहिलंय. मीही तेच करतो, फक्त मान तेवढी गॅस टॉर्चच्या ज्योतीवर धरतो. बुडाला धग लागू द्यायची नाही. सगळा दाब झेलायचा असतो तो बुडालाच.

यंदा आई सहा महिन्यांसाठी आली. काळवंडलेल्या पुंगळ्यांचा ढीग बघून म्हणाली, “अरे, चिंच लाव की!” मी हसलो आणि खास मागवलेल्या महागड्या पावडरीचा डबा दाखवला. तिनं चष्मा लावून वाचलं, “सायट्रिक ॲसिड. म्हणजे लिंबूच ना रे?” यावर मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र ती समईसाठी आणलेली पॉलिशची बाटली घेऊन आली. बाटलीवर अमोनिया लिहिलेला पाहून मी ओरडलोच. ब्रिटिश फौजेची काडतुसं आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यात पडून राहायची आणि न वापरताच तडकायची. ताण घेऊन बसलेलं पितळ आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया, अशी ती जोडी. १९२१ साली याचा उलगडा झाला. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात, आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा! सगळं ऐकून आई म्हणाली, “समईला तर कधी काही झालं नाही.”

“समईतून गोळ्या मारत नाहीत, आई.”

“तेच बरं आहे,” म्हणून ती पोहे फोडणीला टाकायला गेली.

त्या पोह्यांनीच घात केला. पुंगळी डायमध्ये घालण्याआधी तिला लॅनोलिनचा हात लावावा लागतो. जास्त लागला तर खांद्याला पोचा येतो. न लागला तर काय होतं, ते मी फक्त ऐकून होतो. “गार होतायत रे!” अशी तिसरी हाक आली आणि हातातली पुंगळी कोरडीच आत गेली. निम्म्यात हँडल जड झालं. तेव्हा थांबायचं असतं. मी लोंबकळलो. पुंगळी शेवटपर्यंत आत गेली. हँडल उलट ओढलं तेव्हा पुंगळीचं बूड धरणारा होल्डर खाली आला तो बुडाची कड उपटून. पुंगळी वर डायमध्ये शांत.

मग ड्रिल आणलं. बुडातल्या भोकात गिरमिट घातलं, पाव इंची टॅपनं आटे पाडले, बोल्ट पिळला, पान्याला पाइप लावला. दीड तासानं कर्रर्र करून ती निघाली. पोहे तोवर दगड झाले होते. बायको दारात उभी राहून म्हणाली, “वीस काडतुसांची पेटी कितीला मिळते रे?” मी आकडा सांगितला नाही.

बूड फाटलेली ती पुंगळी कचऱ्यात टाकली. चार दिवसांनी बघतो तर ती देवघरात. चिंचेनं घासून लखलखीत, आणि तिच्या तोंडात उदबत्ती.

“उभी छान राहते,” आई म्हणाली, “पण काडी फार सैल बसते रे. हिची मान जरा आवळून देशील?”