मुलांना चाचण्यांबाहेर ठेवले म्हणून ती सुरक्षित होत नाहीत

मुलांवर औषधांच्या चाचण्या घेणे म्हणजे गरिबाघरच्या लेकरांना प्रयोगशाळेतले उंदीर बनवणे होय, असा दावा समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. मोठ्यांवर तपासलेले औषध वजनाच्या हिशेबाने मुलांना देता येते, पालकांची सही घेतली की मुलाला कोणी विचारत नाही आणि खम्मम जिल्ह्यात लस दिलेल्या मुली दगावल्या हा त्याचा पुरावाच आहे, असे तीन मुद्दे त्याच्या पुष्ट्यर्थ दिले जातात. या दाव्यामागची काळजी खोटी नाही. मुद्दे मात्र तपासून घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा वजनाच्या हिशेबाचा. 1950च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक सर्रास दिले जाई. काही बाळांचे पोट फुगे, कातडी राखाडी पडे आणि ती दगावत. पण अशी नाजूक बाळे एरवीही दगावत असल्याने औषधावर कोणाचा संशय जात नसे. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी बाळांचे गट करून तुलना केली, तेव्हा प्रतिजैविक न दिलेल्या गटात सुमारे एकपंचमांश, तर क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या गटांत निम्म्याहून अधिक बाळे गेल्याचे 1959 साली प्रसिद्ध झाले. हे औषध निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमता नवजात बाळात पुरती आलेली नसते, त्यामुळे ते रक्तात साचत जाते. बाळे चाचणीपूर्वीही मरत होती. का मरत होती, ते चाचणीने कळले.

क्षयरोगात नेमके उलटे घडले. लहान मुलांचे शरीर आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही क्षयावरची औषधे मोठ्यांपेक्षा वेगाने निकालात काढते, म्हणून मोठ्यांचा किलोमागे ठरलेला डोस त्यांना अपुरा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली मुलांसाठी आयसोनियाझिड किलोमागे 5 वरून 10 मिलिग्रॅम आणि रिफॅम्पिसिन 10 वरून 15 मिलिग्रॅम केले. तोवर कित्येक वर्षे मुले कमी औषधावरच होती, आणि ते हिशेब काटेकोर करूनच.

चाचण्यांतून मुलांना मिळते काय, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. सौम्य क्षयरोग असलेल्या मुलांना सहा महिन्यांऐवजी चार महिने औषध पुरेल का, हे तपासणाऱ्या ‘शाइन’ चाचणीत युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतातील 1204 मुले होती; भारतातील केंद्रे चेन्नईत आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात होती. उपचार फसल्याची, आजार उलटल्याची वा मृत्यूची नोंद चार महिन्यांच्या गटात 16 आणि सहा महिन्यांच्या गटात 18 मुलांबाबत झाली, म्हणजे दोन्हीकडे सुमारे 3 टक्के. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना अशा मुलांसाठी चार महिन्यांच्या उपचाराची शिफारस करते. रोज सकाळी तोंड घट्ट मिटून बसणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला औषध पाजणाऱ्या आईला या दोन महिन्यांची किंमत सांगावी लागत नाही. शिवाय तुलनेच्या गटाला वाऱ्यावर सोडलेले नव्हते; त्याला प्रचलित उपचार पूर्ण मिळत होता.

दुसरा मुद्दा संमतीचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी, तर बारा वर्षांपुढच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. पालकांना प्रवासखर्च आणि किरकोळ खर्चापलीकडे पैसे देता येत नाहीत. अगदी नव्या औषधद्रव्याच्या चाचणीत मुलांसारख्या असुरक्षित सहभागींची संमतिप्रक्रिया ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे बंधन 2019 च्या नियमांनी घातले आहे. कागदावरचा नियम वॉर्डात जसाच्या तसा उतरतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, आणि आजारी लेकरू मांडीवर असताना डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणे किती पालकांना जमते, ही शंका रास्तच आहे. पण तिचा रोख देखरेख कडक करण्याकडे असायला हवा.

राहिले खम्मम. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल 2010 मध्ये तो थांबवला गेला. त्यांतील एक मुलगी बुडून, तर एक सर्पदंशाने गेली होती, आणि या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीला दिसली नाही. दावा पुढे पाठवणारे हे वगळतात. मात्र लशीच्या बाजूने बोलणारेही दुसरी बाजू वगळतात, आणि ती मला अधिक गंभीर वाटते: पालकांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डनांनी आणि मुख्याध्यापकांनी अनेक संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. लशीला विक्रीची परवानगी आधीच मिळालेली असल्याने या कामाला चाचणी न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले गेले, आणि चाचणीला लागू होणारी बंधने त्याआड राहिली. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात ओढलेले ताशेरे याच कारभारावर होते. म्हणजे खम्ममच्या मुलींना नाकारले गेले ते चाचणीतल्या मुलाला नियमाने मिळणारे संरक्षण, आणि मुलांवरच्या चाचण्याच नकोत असे म्हणणाऱ्यांनी हेच उदाहरण पुढे करावे, हे अजब आहे.