गोव्याने नाकारलेली भाजी आणि चौदा दिवसांचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं सार असं: भाजीत फवारणीचं औषध किती उरलंय हे सरकार तपासतच नाही, गोव्याने तपासून नाकारलेला माल परत आपल्या बाजारात खपवतात, औषधाचा अंश सापडला म्हणजे ती भाजी विषारी, परदेशापेक्षा दहापट औषध आपल्याकडे चालतं, आणि यावर उपाय म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवा, सगळं निघून जातं.

गोव्यापासून सुरुवात करू, कारण तेच आपल्याला जास्त झोंबतं. इथला कोबी, ढबू मिरची, भेंडी चोर्ला घाट उतरून जाते आणि लगेच विकली जाते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने कायदेशीर नमुना घेतला तर त्याचे चार भाग होतात, एक भाग अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुना तपासायला सरकारने नेमलेल्या तज्ज्ञाकडे जातो आणि अहवाल द्यायला त्याला १४ दिवसांची मुदत असते. तोवर कोबीचा ट्रक घाटात उभा राहतो का? अहवाल येईपर्यंत तो कोबी म्हापशात शिजून, खाऊन संपलेला असतो. एखादा ट्रक माघारी आलाच, तर त्यामागे दर असेल, डागी माल असेल, प्रयोगशाळेचा अहवाल सहसा नसतो. शिवाय भाजीत औषधाचा किती अंश चालतो याच्या मर्यादा राज्यागणिक बदलत नाहीत. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम कोल्हापूर, पणजी आणि बेळगावला सारखेच लागू आहेत.

मात्र अहवाल उशिरा येतो ही खरी तक्रार आहे, आणि नेमकी तीच या मजकुरात नाही.

‘सरकार तपासतच नाही’ हे तर साफ चूक. केंद्रीय कृषी खात्याची अवशेष-निरीक्षणाची देशव्यापी योजना २००५-०६ पासून चालू आहे. २०१४-१५ या एका वर्षात तिच्याखाली २०,६१८ नमुने तपासले गेले. १८.७ टक्क्यांत काही ना काही अंश सापडला; मर्यादेच्या वर गेलेले ५४३ निघाले, म्हणजे २.६ टक्के. आकडे जुने आहेत, पण तपासणी होते एवढं त्यांतून नक्की कळतं. आणि या दोन टक्केवारींमधल्या फरकातच ‘अंश म्हणजे विष’ याचं उत्तर आहे. मर्यादा ठरवताना लेबलप्रमाणे फवारणी केली तर काढणीच्या वेळी किती अंश उरतो ते बघतात, आणि रोजच्या आहारातून तो सुरक्षित पातळीच्या आत राहतो का तेही तपासतात. ज्या औषधाची मर्यादा ठरलेलीच नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा टन मालाच्या अख्ख्या ट्रकात १०० मिलिग्रॅम. आजची यंत्रं एवढं सूक्ष्म मोजतात, म्हणूनच ‘सापडलं’ हा शब्द इतक्या वेळा ऐकू येतो.

योजनेच्या त्याच वर्षाच्या अहवालातला तिसरा आकडा मला जास्त बोचतो. १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली औषधं होती. एखादं औषध दुकानात राजरोस मिळतं, पण ते कापसाला मंजूर असतं, वांग्याला नसतं. शेतकरी अळीचं पान घेऊन दुकानात जातो, दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो, आणि फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं ते माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत राहून जातं. पुढे बाजारात दहा गावांची पोती एका दलालाकडे एकत्र येतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८ ने शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला या कायद्यातून वगळलंय, म्हणून कारवाई सुरू होते ती विक्रेत्यापासून. ते पोतं कुणाच्या शेतातलं, हे तिथे कोण सांगणार? मजकूर लिहिणाऱ्याने हे विचारलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

दहापटीच्या आरोपात थोडं तथ्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर बोट ठेवलं आणि त्याच महिन्यात आपल्याकडे ०.०१ ची मर्यादा ०.१ झाली. पण ती वाढ मसाले आणि मसाल्याच्या वनस्पतींपुरती, तीही देशात नोंदणी नसलेल्या औषधांसाठी. संकेश्वरी वाळली मिरची त्यात येते. कोबी, भेंडी येत नाही. वाद ज्याच्यावरून झाला ते इथिलीन ऑक्साइडही शेतात फवारायचं औषध नव्हे, मसाला निर्जंतुक करायचा वायू आहे. तरी मर्यादा वाढवताना लोकांना नीट सांगायला हवं होतं, हे मान्य.

राहिलं मिठाचं पाणी. वरवर बसलेलं औषध धुण्याने बरंच कमी होतं, त्यासाठी नळाचं वाहतं पाणीही चालतं. कोबीची बाहेरची पानं काढा, साल निघते ती सोला. पण इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनतं. ते मिठाने निघत नाही आणि हळदीनेही नाही.

आणि शंका असेल तर कलम ४० आहे. साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. अट एकच: विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. शनिवारच्या बाजारात अर्धा किलो वांगी घेताना सांगून बघा.