चावी मिळाली, आता डोळे मिटा

अभिनंदन! वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन तुम्ही अखेर दोन बेडरूमच्या फ्लॅटचे मालक झालात. बिल्डरच्या ऑफिसात पुठ्ठ्याची हातभर चावी धरून फोटो काढलात, स्टेटसला टाकलात, आतेबहिणीपासून सगळ्यांचे जोडलेले हात येऊन गेले. आता घर सांभाळायचं कसं, हे कोणाला तरी विचारावंसं वाटणार. मला विचारा. सतरा वर्षं फ्लॅटमध्ये काढल्यावर माझ्या हाती एकच सूत्र लागलंय: जे दिसतं त्यावर खर्च करायचा, आणि जे दिसत नाही ते नाहीच असं समजायचं.

सुरुवात ताबा घेण्यापासून. काही संशयी लोक त्या दिवशी खिशात एक रुपयाचं नाणं ठेवतात. फरशीफरशीवर टकटक करतात आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल काढतात. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते नहाणीकडे जातंय की दाराकडे येतंय हे कमरेवर हात ठेवून बघत राहतात. तुम्ही असा हलकेपणा करू नका. समोर सुपरवायझर पेढ्यांचा बॉक्स उघडून उभा आहे, त्याला काय वाटेल? पेढा तोंडात टाका आणि दाखवेल तिथे सही करा.

रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये एक अडचणीची तरतूद आहे. ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला आणि तुम्ही तो कळवलात, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. म्हणून तक्रार कधीही लेखी करू नका. तोंडी करा, तीही वॉचमनकडे. ‘सांगून ठेवलंय’ या दोन शब्दांवर पाच वर्षं आरामात निघतात. सहाव्या वर्षी मग सविस्तर अर्ज लिहायला घ्या.

आता वीज. दाराच्या मागे एक पांढरा डबा असतो, त्याला वायरमन डीबी म्हणतात; सगळ्या घराची वीज त्यातूनच वाटली जाते. दिसायला अगदीच रुक्ष. इंटिरियरवाला त्याच्यावर लाकडी पॅनेल ठोकून पुढे तीन फुटी बुद्ध बसवू म्हणेल, लगेच हो म्हणा. आमच्याकडे बसवलाय. गेल्या जूनमध्ये रात्री पावणेबाराला अर्ध्या घराची वीज गेली तेव्हा मुलाने मोबाइलचा टॉर्च धरला, बायकोने बुद्ध धरला आणि मी शेजाऱ्यांकडून आणलेल्या पेचकसाने नऊ स्क्रू काढले. आत एक एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा खटका, पडलेला होता. तो बोटाने वर केला. नऊ स्क्रू पुन्हा लावायला मात्र बुद्धाइतकी शांती लागते, म्हणून पाचच लावले.

त्याच डब्यात ईएलसीबी नावाचं एक भित्रं यंत्र असतं. हल्ली त्याच्या जागी आरसीसीबी असतो, पण वायरमनच्या तोंडी जुनंच नाव आहे. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांचा हिशेब ते ठेवतं. फरक 30 मिलिअँपिअरवर गेला, म्हणजे मधल्या मधे कुठून तरी, कदाचित एखाद्या माणसातून, करंट जमिनीत चाललाय असं समजून ते वीज तोडून मोकळं होतं. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन अंधार झाला तर यंत्र जागं आहे. माझ्या मेव्हण्याने सहा वर्षांत ते एकदाही दाबलेलं नाही. त्याच्या मते तो टी टीव्हीचा आहे.

हे यंत्र वारंवार पडू लागलं की वायरमन विचारतो, ‘साहेब, बायपास करून टाकू का?’ करून टाका. वॉशिंग मशिनच्या पत्र्यात करंट उतरलाय असं ते बिचारं ओरडून सांगत होतं. ओरडणारा गप्प झाला की करंटही शरमेने निघून जाईल. त्यानंतर मशिनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर रबरी चपला घालाव्यात. पाहुण्यांसाठी एक जोड जास्तीचा ठेवावा. थ्री-पिनची जाड पिन सॉकेटात बसत नसेल तर तोडा, एवीतेवी ती अर्थिंगचीच असते. आणि 2000 वॅटचा गिझर आठ-नऊ अँपिअर ओढतो म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट हवा, असले हिशेब कंपनीने करत बसावेत; तुमच्याकडे मोबाइल चार्जरची एक्स्टेन्शन आहे ना? प्लग पिवळा पडू लागला की रंगसंगती बदलतेय असं समजा.

पण खरी कला बाथरूममध्ये आहे. राहायला आल्यावर सहा महिन्यांत टाइल्स बदला. बिल्डरच्या टाइल्स बिल्डरसारख्याच दिसतात, असं सौ. म्हणाल्या की विषय संपला. त्या टाइल्सखाली कोबा असतो, त्याखाली वॉटरप्रूफिंग, आणि एका कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायच्या भोकाखालचं भांडं. त्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं, म्हणून खालच्या पाइपातला वास आणि झुरळं वर येत नाहीत. हे सगळं नाजूक काम आहे, त्यामुळे माणूसही तसाच निवडा. आमच्या माणसाने हातात पाच किलोचा घण घेतला, नहाणीच्या तोंडावर गोणपाटाचा तुकडा टाकला, कारण आत मलबा जाऊ नये याची त्याला फार काळजी, आणि दुसऱ्याच घावात नहाणीच फोडली. आम्ही दोघं काही क्षण त्या भोकाकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, ‘काही नाही, केमिकल टाकतो.’

केमिकल! त्याचं नाव विचारू नये. पांढऱ्या कॅनमधून दुधासारखं काहीतरी सिमेंटात पडतं, वास येतो, आणि आपण निर्धास्त होतो. टाइल्स बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी कोंडून निदान एक-दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं, अशी एक जुनी पद्धत आहे. ती पाळू नका. एक तर दोन दिवस आंघोळीचे वांधे, आणि खालच्यांकडे आपण होऊन जायचं म्हणजे चोराने पोलीस चौकीत पत्ता विचारण्यासारखं आहे.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून मॉड्युलर किचनमध्ये सिलिंडर खालच्या कप्प्यात कोंडा, आणि शटरला खाली हवेसाठी भोकं पाडू देऊ नका, लॅमिनेटची शोभा जाते. नारिंगी नळीवर छापलेली मुदत तेलाच्या थरामुळे आपोआप झाकली जाते. सिलिंडरच्या गळ्यावर ‘सी-27’ असं काही रंगवलेलं असतं, म्हणजे जुलै ते सप्टेंबर 2027 मध्ये त्याची पुढची चाचणी. ते वाचायला वाकावं लागतं. गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो फ्रिजवर चिकटवलात तर मनालीचं मॅग्नेट कुठे लावणार?

जिन्यात चपलांचं कपाट, सायकल आणि मुलीचा जुना पाळणा ठेवा. लिफ्ट असताना जिना उगाच ओस पडतो. बाल्कनीला ग्रिल करा, पण त्यात उघडणारी खिडकी सोडू नका. चोर आत येऊ शकणार नाही, तुम्ही बाहेर जाऊ शकणार नाही, फिट्टंफाट. सोसायटीच्या अग्निशमन यंत्रणेची तपासणी परवानाधारक एजन्सीकडून करून जानेवारीत आणि जुलैत ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यायचा असतो. तो विषय सभेत निघाला की पार्किंगचा काढा.

राहता राहिले खालचे काका. ते येणारच. आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात आले, मोबाइलवर छताचा फोटो घेऊन. पिवळट डाग, कडेला पोपडे, मधोमध एक थेंब लोंबकळत असलेला. इथे एकच वाक्य पाठ करून ठेवा: ‘काका, हे बाहेरून येतंय.’ या वाक्याचं मोल तुमच्या लक्षात आलं नसेल. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीची, आणि बाथरूम-सिंकमधून गळलं तर संबंधित सभासदांच्या खिशातून. म्हणजे ‘बाहेरून’ या एका शब्दाची किंमत लाखभर तरी धरा. मग काका सेक्रेटरीकडे जातात, सेक्रेटरी म्हणतात ‘तुम्ही दोघं आपसात बघा’, तोवर पावसाळा संपतो आणि डाग वाळतो. मी हे वाक्य अकरा वर्षं वापरतोय. काका आता जिन्यात भेटले तर मीच आधी विचारतो, ‘काय म्हणतोय डाग?’

मार्चमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं आलं. छान आहेत दोघंही. आल्या आल्या त्यांनी बाथरूमचं काम काढलं, आठवडाभर घणाचे आवाज येत होते. परवा आंघोळ करताना माझ्या मानेवर एक थेंब पडला. शॉवर बंद होता. मी फोटो काढला आणि वर गेलो. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट बघितला.

‘काका,’ तो म्हणाला, ‘हे बाहेरून येतंय.’